हिल्डे ब्रुख

हिल्डे ब्रुख (जन्म : ११ मार्च १९०४, ड्युल्केन, जर्मनी, मृत्यू : १५ डिसेंबर १९८४, ह्यूस्टन, टेक्सास, अमेरिका) या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होत्या. लठ्ठपणा आणि आहारविषयक मनोविकार यांच्या अभ्यासाला विसाव्या शतकात ज्यांनी दिशा दिली, त्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. लठ्ठपणा म्हणजे ग्रंथींचा बिघाड किंवा जिभेवर ताबा नसणे, या त्या काळच्या दोन्ही सोप्या उत्तरांना त्यांनी आव्हान दिले. भूक ओळखणे ही माणसाने लहानपणी शिकण्याची गोष्ट आहे, ज्याचे ते शिक्षण अपुरे राहिले त्याला केवळ आहाराचा तक्ता देऊन भागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मतांपैकी काही पुढील संशोधनापुढे टिकली नाहीत; काही मात्र वजनावरील मानसोपचारात आजही वापरात आहेत.

बालपण आणि शिक्षण

ड्युल्केन हे ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील, नेदरलँड्सच्या सीमेजवळचे लहानसे गाव. तेथील एका ज्यू कुटुंबात हिल्डे यांचा जन्म झाला. वडील गुरांचे व्यापारी होते आणि घरात एकूण सात भावंडे होती. हिल्डे यांना गणिताची ओढ होती व गणितातच पुढे जावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु ज्यू मुलीला गणिताच्या जोरावर पोट भरणे कठीण जाईल, त्यापेक्षा वैद्यक बरे, असा व्यवहारी सल्ला घरातील एका वडीलधाऱ्याने दिला आणि त्यांनी तो मानला. फ्रायबुर्ग विद्यापीठातून १९२९ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर कील येथे शरीरक्रियाशास्त्र आणि लाइपझिग येथे बालरोगशास्त्र अशा क्रमाने त्यांचे पुढील शिक्षण झाले. विद्यापीठात राहून संशोधन करावे हा त्यांचा मूळ बेत होता. पण तेथील वाढता ज्यूद्वेष पाहून त्यांनी तो सोडला आणि १९३२ मध्ये ड्यूसलडॉर्फजवळच्या राटिंगेन या गावी लहान मुलांचा दवाखाना सुरू केला.

हा दवाखाना फार काळ चालणार नव्हता. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिल रोजी ज्यूंची दुकाने आणि ज्यू डॉक्टर व वकील यांच्यावर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. त्याच वर्षी ब्रुख यांनी जर्मनी सोडली. सुमारे वर्षभर त्या लंडनमध्ये राहिल्या व तेथील ईस्ट एंड या गरीब वस्तीतील प्रसूतिगृहात त्यांनी काम केले. १९३४ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. पुढे १९४० मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

न्यूयॉर्कमधील लठ्ठ मुले

न्यूयॉर्कला आल्यावर ब्रुख यांना एका गोष्टीचे विलक्षण नवल वाटले. शहरात ठिकठिकाणी, म्हणजे दवाखान्यात, रस्त्यावर, शाळांत, भुयारी रेल्वेत त्यांना लठ्ठ मुले दिसत होती. युरोपात त्यांनी इतकी लठ्ठ मुले पाहिली नव्हती. काळ तर महामंदीचा होता. लाखो लोक बेकार होते आणि पावासाठी रांगा लागत होत्या. अशा काळात मुले लठ्ठ का होतात, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला आणि १९३७ पासून त्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

त्या वेळी या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांपाशी तयार होते. व्हिएन्नाचे वैद्य आल्फ्रेट फ्रोलिश यांनी १९०१ मध्ये एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीजवळच्या गाठीमुळे त्या मुलाचे अंग सुटले होते आणि लैंगिक वाढ खुंटली होती. हा विकार अतिशय दुर्मीळ आहे. तरीही पुढील तीन दशकांत कोणताही गुटगुटीत मुलगा दिसला की त्याच्यावर फ्रोलिशच्या विकाराचा शिक्का मारण्याची आणि ग्रंथींच्या अर्काची टोचणी सुरू करण्याची प्रथाच पडून गेली. आईवडिलांनाही हे निदान सोयीचे होते, कारण त्यात दोष कोणाकडेच येत नव्हता.

ब्रुख यांनी या मुलांची उंची मोजली, क्ष-किरण चित्रांवरून हाडांची वाढ पाहिली, वयात येण्याचा काळ तपासला. ग्रंथींची वाढ खुंटली असती तर मुले बुटकी राहायला हवी होती आणि त्यांचे वयात येणे लांबायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक लठ्ठ मुले समवयस्कांपेक्षा उंच निघाली, त्यांची हाडे वयाच्या मानाने पुढे गेलेली होती आणि ती वेळेवर किंवा किंचित आधीच वयात येत होती. हे निष्कर्ष १९३९ पासून लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथींच्या औषधांचा जो व्यापार या मुलांवर चालला होता, त्याचा पाया या साध्या मोजमापांनी उखडला गेला. ब्रुख यांच्या साऱ्या कार्यातील हा भाग आजही निर्विवाद मानला जातो. दुर्दैवाने त्यांच्या चाहत्यांकडून तोच सर्वांत कमी वाचला जातो.

ग्रंथी निर्दोष असतील तर कारण कोठे शोधायचे? ब्रुख मुलांच्या घरापर्यंत गेल्या. ग्रेस टूरेन या सहकारी अभ्यासिकेबरोबर १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी या कुटुंबांचे बारकाईने वर्णन केले आहे. त्यांतील अनेक कुटुंबे परदेशातून येऊन न्यूयॉर्कमध्ये स्थिरावू पाहणारी होती. ज्या आयांनी स्वतः उपासमार आणि असुरक्षितता भोगली होती, त्या मुलाच्या ताटात मायेबरोबर स्वतःची भीतीही वाढत होत्या. मुलाला बाहेर खेळू देणे त्यांना धोक्याचे वाटे. मोठ्या मुलांनाही आईच कपडे घाली. खाणे भरपूर आणि हालचाल जवळजवळ नाही, असा हा संसार होता. ब्रुख स्वतःही नुकत्याच देश सोडून आलेल्या होत्या, त्यामुळे या घरांतील भीती त्यांना परकी नसावी.

मनोविकारशास्त्राकडे

घरे पाहिल्यावर केवळ बालरोगशास्त्र पुरे पडणार नाही, हे ब्रुख यांच्या ध्यानात आले. १९४१ ते १९४३ या काळात रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतले. बालमनोविकारांचे अभ्यासक लिओ कॅनर तेथेच काम करत होते. याच काळात त्यांनी मनोविश्लेषणाचेही प्रशिक्षण घेतले. जर्मनीतून आलेल्या ज्यू मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान या त्यांच्या गुरू होत्या, तर हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. मनाचे विकार हे माणसामाणसांतील संबंधांत घडतात आणि तेथेच सुधारतात, हे सलिव्हन यांचे सूत्र होते. फ्रॉइडच्या परंपरेत खाण्याला जे प्रतीकात्मक अर्थ दिले जात, त्यांच्यापेक्षा ब्रुख यांना हे सूत्र जवळचे वाटले.

१९४३ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या. तेथे कोलंबिया विद्यापीठात अध्यापन आणि त्याच्या जोडीला खाजगी व्यवसाय अशी त्यांची पुढची दोन दशके गेली. त्या अविवाहित राहिल्या. युद्धानंतर हर्बर्ट या भाच्याला त्यांनी आपल्याकडे आणून वाढवले. १९५२ मध्ये पालकांसाठी लिहिलेले 'डोन्ट बी अफ्रेड ऑफ युअर चाइल्ड' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलाला घाबरू नका, असे सांगणाऱ्या या पुस्तकात त्यांनी पालकांना सतत अपराधी ठरवणाऱ्या तज्ज्ञांवर टीका केली आहे. पुढे त्यांच्यावर आयांना दोष दिल्याचा आरोप झाला, तेव्हा या पुस्तकाची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

भूक शिकावी लागते

ब्रुख यांचा सर्वांत महत्त्वाचा विचार भुकेविषयी आहे. भूक ही तहानेसारखी उपजत आणि स्वयंस्पष्ट जाणीव आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रुख यांच्या मते पोट रिकामे झाल्याची शारीरिक अवस्था उपजत असली, तरी तिला भूक म्हणून ओळखणे हे शिकून येते. तान्हे बाळ रडते ते भुकेने, थंडीने, दुखण्याने, ओले झाल्याने किंवा कंटाळ्याने. त्याला स्वतःला यांतले काहीच वेगळे करता येत नाही. भुकेने रडले तेव्हा दूध आणि थंडीने रडले तेव्हा पांघरूण मिळाले, असे पुन्हा पुन्हा घडले म्हणजे एकेका अस्वस्थतेची खूण बाळाच्या मनात निरनिराळी उमटते. याउलट प्रत्येक रडण्याला खाणे हेच उत्तर मिळत गेले, अथवा आईच्या सोयीने मिळाले आणि सोयीने नाकारले गेले, तर या खुणांची सरमिसळ होते. असे मूल मोठे झाल्यावर राग आला, एकटे वाटले, कंटाळा आला की त्याला खावेसे वाटते, आणि हे भुकेचे खाणे नव्हे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

मराठीत भूक, खाखा, वखवख आणि हाव असे वेगवेगळे शब्द आहेत. बोलणारा ते शब्द दुसऱ्याच्या बाबतीत अचूक वापरतो. स्वतःच्या आत काय चालले आहे ते सांगण्याची वेळ आली म्हणजे मात्र हे शब्द एकमेकांत मिसळतात. ब्रुख यांच्या रुग्णांची अडचण याच प्रकारची होती.

हा विचार केवळ दवाखान्यातील निरीक्षणांवर उभा राहिला होता. त्याला काही आधार पुढे प्रयोगशाळेतून मिळाला. ब्रुख यांनी कॉडिंग्टन या सहकाऱ्याबरोबर १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळीवाटे जठरात मोजके अन्न सोडून, किती अन्न पोटात गेले याचा अंदाज करायला सांगण्यात आले. लठ्ठ व्यक्तींचे अंदाज इतरांपेक्षा अधिक चुकत होते. पेनसिल्व्हेनियातील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांनाही जठराचे आकुंचन आणि भूक लागल्याची जाणीव यांचा मेळ लठ्ठ स्त्रियांमध्ये कमी आढळला होता. कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांचा प्रयोग तर फारच गाजला. बिस्किटांची चव पारखायची आहे, असे सांगून त्यांनी काही लोकांपुढे बिस्किटे ठेवली. त्यांतील काहींना आधी पोटभर खायला दिले होते आणि काहींना उपाशी ठेवले होते. सामान्य वजनाच्या माणसांनी पोट भरलेले असताना कमी बिस्किटे खाल्ली. लठ्ठ माणसांच्या बाबतीत पोट रिकामे की भरलेले याने फारसा फरक पडला नाही. शॅक्टर यांनी यावरून लठ्ठ माणूस आतल्या भुकेपेक्षा बाहेरच्या खुणांवर, म्हणजे घड्याळ, वास, समोर मांडलेले ताट यांवर चालतो असा सिद्धान्त मांडला. पुढील काळात हे विधान इतक्या सरसकट रूपात खरे नसल्याचे दिसून आले. बाहेरच्या खुणांनी खाणारी माणसे सर्वच वजनांत आढळतात.

प्रौढांचा लठ्ठपणा

बालपणी तपासलेल्या अनेक मुलांशी ब्रुख यांनी पुढे वर्षानुवर्षे संपर्क ठेवला आणि ती प्रौढ झाल्यावर त्यांचे काय झाले ते पाहिले. 'द इम्पॉर्टन्स ऑफ ओव्हरवेट' (१९५७) हा त्यांचा ग्रंथ या दीर्घ अनुभवावर आधारलेला आहे. कमी झालेले वजन हाच यशाचा एकमेव पुरावा मानू नये, हे त्यांचे मत याच काळात पक्के झाले. याच ग्रंथात त्यांनी एक खंतही व्यक्त केली आहे. लठ्ठपणा म्हणजे शरीरात चरबी साठणे. तेव्हा शरीर चरबीचे काय करते याचा शोध सर्वांत आधी व्हायला हवा होता, पण सर्वांत कमी काम झाले ते तेथेच. ब्रुख यांना सारे काही मनातच दिसत होते, असा जो समज आहे त्याला हा उल्लेख पुरेसा छेद देतो.

प्रौढ रुग्णांमध्ये त्यांनी तीन प्रकार कल्पिले. पहिल्या प्रकारात अशी माणसे येतात की जी लठ्ठ आहेत, पण त्यांच्या मनाला काही झालेले नाही. त्यांची शरीरघडणच तशी असते. दुसऱ्या प्रकारात एखाद्या आघातानंतर, उदाहरणार्थ जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, ताटातूट किंवा मोठी भीती यांनंतर, वजन वाढू लागते. याला त्यांनी प्रतिक्रियात्मक लठ्ठपणा म्हटले. तिसरा प्रकार विकासात्मक लठ्ठपणाचा. तो बालपणापासून चालत आलेला असतो आणि त्यात स्वतःच्या शरीराची, भावनांची व इच्छांची मालकी आपल्याकडे नाहीच अशी भावना खोल रुजलेली असते. मानसोपचाराची खरी गरज दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराला आहे, पहिल्याला नाही, असे त्या आग्रहाने सांगत. लठ्ठ दिसला की त्याला मनोरुग्ण ठरवण्याची घाई त्यांना ग्रंथींच्या निदानाइतकीच घातक वाटे.

दुसऱ्या प्रकाराविषयीचे त्यांचे निरीक्षण व्यवहारात फार उपयोगाचे ठरले. शोकानंतर वाढलेले खाणे हे अनेकदा माणसाला खिन्नतेपासून सावरून धरत असते. अशा वेळी ते खाणे सक्तीने काढून घेतले तर वजन उतरते, पण माणूस कोसळतो. वजन कमी करताना येणाऱ्या या खिन्नतेविषयी स्टंकर्ड यांनीही त्याच सुमारास लिहिले होते. कोणाला, केव्हा आणि किती वजन कमी करायला सांगावे याचा विचार आधी झाला पाहिजे, ही जाणीव उपचार करणाऱ्यांत यामुळे आली.

ब्रुख यांनी आणखी एका अवस्थेचे वर्णन केले. काही माणसे प्रयत्नांची पराकाष्ठा करून बारीक होतात, बारीक राहतातही; परंतु त्यांचे सारे आयुष्य वजनाच्या काट्याभोवती फिरू लागते. दिसायला सडपातळ, पण मनाने अजून लठ्ठच, अशा या माणसांना डॉक्टर बरे झालेले समजतात आणि घरचे त्यांचे कौतुक करतात. त्यांचा रोजचा झगडा मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

उपचारपद्धती

ब्रुख यांच्याकडे येणारे कित्येक प्रौढ रुग्ण आधी वर्षानुवर्षे मनोविश्लेषण करून आलेले असत. त्यांना आपल्या खाण्याचे सगळे अर्थ पाठ झालेले असत आणि वजन मात्र तसेच असे. याचे कारण ब्रुख यांनी उपचाराच्या रीतीतच शोधले. पारंपरिक पद्धतीत रुग्ण बोलतो आणि विश्लेषक त्याच्या बोलण्याचा दडलेला अर्थ सांगतो. परंतु ज्याच्या लहानपणी त्याला काय वाटते हे नेहमी दुसऱ्यानेच ठरवले, त्याला उपचारातही पुन्हा दुसराच माणूस त्याच्या मनातले सांगू लागतो. जुन्या दुखण्याचीच ही नवी आवृत्ती होय.

म्हणून त्यांनी विश्लेषकाची भूमिका बदलली. उपचारकाने आपल्याला काही माहीत नाही असे धरून सुरुवात करावी आणि रुग्णाच्या मागे मागे जावे, असे त्यांचे सांगणे होते. प्रश्न साधे आणि वस्तुनिष्ठ असत. काल संध्याकाळी खाण्याआधी काय घडले, त्या वेळी कोठे होता, अंगात नेमके काय जाणवले, त्याला भूक का म्हटले, आणखी काय म्हणता आले असते? उत्तर आले नाही तर थांबायचे. रुग्णाने अडखळत का होईना स्वतःच्या शब्दांत एखादी भावना ओळखली तर तिचे महत्त्व लगेच मान्य करायचे आणि तिच्यावर आपला अर्थ लादायचा नाही. हळूहळू रुग्णाला आपल्या शरीराच्या खुणा वाचता येतात, निर्णय स्वतः घेता येतात आणि मग वजनाचे काय करायचे हेही त्याला ठरवता येते. अर्थात काही रुग्णांनी वजन कमी केले, काहींनी नाही. ब्रुख दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने पाहत. या पद्धतीचे विवेचन त्यांच्या 'लर्निंग सायकोथेरपी' (१९७४) या पुस्तकात आले आहे. ते पुस्तक शिकाऊ उपचारकांसाठी असून आकाराने लहान आहे.

याच सुमारास एक निराळा प्रवाह जोर धरत होता. चार्ल्स फर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये खाण्यावर नियंत्रण ठेवण्याची वर्तनवादी पद्धत मांडली आणि १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी तिचे उत्साहवर्धक परिणाम प्रसिद्ध केले. त्यांच्या उपचाराचा वर्षभराचा काळ पूर्ण करणाऱ्या आठही स्त्रियांचे वजन लक्षणीय उतरले होते. या पद्धतीत मनाच्या तळाशी जाण्याची गरज नव्हती. काय, केव्हा, कोठे खाल्ले याची वही ठेवावी. घरात खाण्याची एकच जागा ठरवावी. खाताना वाचू नये. घास सावकाश घ्यावा. खाण्याचे पदार्थ नजरेआड ठेवावेत. हे नियम शिकवायला सोपे, मोजायला सोपे आणि गटातही देता येण्यासारखे होते. प्रौढांच्या वजनावरील मानसोपचाराचा मुख्य रस्ता हाच बनला, ब्रुख यांचा नव्हे.

ब्रुख यांना ही पद्धत पटली नाही. बक्षीस आणि शिक्षा यांच्या जोरावर खाणे बदलवणे म्हणजे रुग्णाच्या इच्छेवर पुन्हा बाहेरच्या माणसाने ताबा मिळवणे होय, अशी त्यांची हरकत होती. १९७४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी ॲनोरेक्सियाच्या रुग्णांवर होणाऱ्या अशा उपचारांतील धोक्यांवर लेख लिहिला आणि त्यावरून वाद झाला. या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे होते, असे आज म्हणावे लागते. वर्तनोपचाराने काही महिन्यांत वजन उतरते, हे अनेक चाचण्यांत दिसले. उतरलेले वजन पुढील काही वर्षांत बहुतांश परत येते, हेही तितक्याच वेळा दिसले. ऑक्सफर्ड येथे खास वजन टिकवण्यासाठी आखलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्षही असाच निराशाजनक होता. मात्र ब्रुख यांच्या दीर्घ, एकेका रुग्णाबरोबर चालणाऱ्या उपचाराची अशी तुलनात्मक चाचणी त्यांनी स्वतः कधी केली नाही. त्यांचा पुरावा रुग्णकथांचा होता, आणि रुग्णकथा निवडणारी व्यक्ती उपचार करणारीच होती.

ह्यूस्टन आणि ॲनोरेक्सिया

१९६४ मध्ये ब्रुख ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून गेल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. सर्वसामान्य वाचकांत त्यांची कीर्ती झाली ती ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारावरील कामामुळे. या विकारात व्यक्ती, बहुधा तरुण मुलगी, हाडांचा सापळा होईपर्यंत अन्न टाळते आणि तरीही स्वतःला लठ्ठच समजते. १९६२ च्या एका लेखात ब्रुख यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली : स्वतःच्या देहाचे विपरीत चित्र मनात असणे, भुकेसारख्या आतल्या जाणिवा न ओळखता येणे, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही सर्वव्यापी भावना. यांतील शेवटची दोन त्यांना लठ्ठ रुग्णांत आधीच भेटली होती. अतिलठ्ठपणा आणि अतिकृशता ही दिसायला दोन टोके असली तरी त्यांच्या मुळाशी एकच अपुरे शिक्षण आहे, हा विचार त्यांनी 'इटिंग डिसऑर्डर्स' (१९७३) या मोठ्या ग्रंथात विस्ताराने मांडला. १९७८ मध्ये आलेले 'द गोल्डन केज' हे छोटे पुस्तक शिक्षक, पालक आणि स्वतः रुग्ण यांनी मोठ्या प्रमाणावर वाचले.

टीका आणि प्रभाव

ब्रुख यांच्यावरील मुख्य आक्षेप आईविषयीचा आहे. ग्रंथींवरील ठपका त्यांनी दूर केला, पण तो उचलून त्यांनी घरावर, आणि घरात मुख्यतः आईवर ठेवला, असे टीकाकार म्हणतात. त्यांनी पाहिलेली कुटुंबे दवाखान्यात आलेली होती. ज्या घरांतील मुले लठ्ठ होऊनही सुखाने वाढली ती दवाखान्यात आलीच नाहीत. वडील त्यांच्या वर्णनांत दिसतात, पण दुय्यम. बालमनोविकारशास्त्रात त्या काळी आईकडे बोट दाखवण्याची रीतच होती, एवढे म्हणून हा आक्षेप संपत नाही. एखाद्या घाबरलेल्या, उपासमार पाहिलेल्या स्त्रीने मुलाला भरवले याचे वर्णन करणे वेगळे आणि त्यातून रोग झाला असे सिद्ध करणे वेगळे. ब्रुख यांच्या लेखनात ही सीमा काही ठिकाणी ओलांडली गेली आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी या सिद्धान्ताला मोठा धक्का बसला. स्टंकर्ड यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. मोठेपणी त्यांचे वजन जन्मदात्या आईवडिलांच्या वजनाशी जुळत होते. ज्यांनी त्यांना वाढवले त्यांच्या वजनाशी नाही. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकाचा शोध लागला आणि भुकेच्या नियमनात चरबीच्या पेशीही भाग घेतात हे स्पष्ट झाले. चरबीकडे संशोधकांचे लक्ष नाही, ही ब्रुख यांची १९५७ मधील तक्रार अशा रीतीने त्यांच्याच सिद्धान्ताच्या विरोधात खरी ठरली.

असे असले तरी त्यांच्या कल्पना उपचारकक्षातून गेल्या नाहीत. आहारविकारांच्या तपासणीसाठी डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीत आतल्या जाणिवांची ओळख आणि निष्प्रभतेची भावना हे दोन घटक ब्रुख यांच्या मांडणीवरून घेतलेले आहेत. ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर आपल्या भुकेला अंक देण्याचा जो सराव आज वजनाच्या अनेक उपचारवर्गांत करून घेतला जातो, त्यामागेही भूक ओळखायला शिकता येते हीच कल्पना आहे. लठ्ठ व्यक्तीशी बोलताना आधी तिचे ऐकून घ्यावे, तिच्या संकल्पशक्तीचा पाणउतारा करू नये, ही गोष्ट आता उपचारांच्या मार्गदर्शिकांत नेमाने येते. १९३७ मध्ये ती तेथे नव्हती.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ब्रुख यांना कंपवात जडला होता. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. १५ डिसेंबर १९८४ रोजी ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. रुग्णांबरोबरच्या संभाषणांवर आधारलेले त्यांचे अपुरे हस्तलिखित दोन सहकाऱ्यांनी संपादित करून १९८८ मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स विथ ॲनोरेक्सिक्स' या नावाने प्रसिद्ध केले. भाच्याची पत्नी जोआन हॅच ब्रुख यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९९६ मध्ये प्रकाशित झाले. त्यांची कागदपत्रे ह्यूस्टनमधील टेक्सास वैद्यकीय केंद्राच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत.